मस्टरवरची नावे

पुण्याच्या पश्चिमेला वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या मोठ्या गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या वार्षिक अंदाजपत्रकात सर्वांत मोठा खर्च माणसांवरचा असतो. सुरक्षा रक्षक, हाउसकीपिंगच्या मावशी, पंप आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, सांभाळणारा ऑपरेटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा मॅनेजर यांच्या पगाराच्या बेरजेपुढे लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) आणि सामाईक वीजबिलही लहान दिसते. तरीही दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत जी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिच्यात पार्किंगवर तासभर वाद होतो, पाहुण्यांच्या गाड्यांवर ठराव होतो आणि या सर्वांत मोठ्या खर्चाची चर्चा मात्र ‘दर कमी करून घ्या’ एवढ्यावर आटोपते.

अशाच एका सोसायटीची मी काही वर्षे खजिनदार होते. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे हे पद आपोआप चालत येते, तसे ते माझ्याकडे आले. कंत्राटदाराच्या मासिक बिलाला जोडलेले मस्टर तपासून, हजेरीचे दिवस बिलाशी ताडून मगच चेकवर सही करायची, हे माझे काम. त्या मस्टरवर नावांचा स्तंभ सतत बदलत राहायचा. मार्चमध्ये ओळखीची झालेली नावे जूनमध्ये गळालेली असत, आणि दिवाळीच्या बक्षिसीची यादी करताना ज्या माणसांनी वर्षभरातला बहुतेक काळ गेट सांभाळले, त्यांतली अर्धीअधिक यादीत नसत. सभासदांना विचारले तर उत्तर ठरलेले असे: ही माणसे टिकतच नाहीत, पेरणी आली की गावाला पळतात, पाचशे रुपये जास्त मिळाले की दुसरीकडे जातात. मस्टर आणि बिल बराच काळ शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत वेगळे झाले. माणसे जातात ती अगदी नीट हिशेब करून जातात, आणि त्यांनी जावे अशी व्यवस्था आपण कोटेशन मंजूर करतो त्याच दिवशी करून ठेवलेली असते.

कोटेशन कसे मंजूर होते ते पाहण्यासारखे आहे. तीन एजन्सींकडून दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत उजवीकडच्या बेरजेच्या रकान्यात जो आकडा लहान, त्याला कंत्राट द्यायचे. आता रक्षकाच्या दरात काय काय असते? किमान वेतन, त्यावर सरकार दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, बदलते तो विशेष भत्ता, घरभाडे भत्ता, मालकाच्या वाट्याचा पीएफ, जो प्रशासन आणि विम्याचा अंश धरून १३ टक्के होतो, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ३.२५ टक्के, बोनस, रजेचे पैसे, गणवेश, मग एजन्सीचा सेवा आकार आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. यातले जवळजवळ सगळे आकडे कायद्याने ठरलेले आहेत. मग तिसरी एजन्सी पहिल्या दोघांपेक्षा इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न तक्ता पाहणाऱ्या कोणालाही पडायला हवा. स्वतःच्या सेवा आकारातून किती उतरणार, त्याला मर्यादा आहे. उरलेला फरक गणवेशाच्या नावाने पहिल्या दोन पगारांतून होणाऱ्या कपातीतून निघतो, पीएफच्या न भरलेल्या चलनातून निघतो, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस न देता त्याच माणसाकडून करून घेतलेल्या डबल ड्युटीतून निघतो.

आणि या सगळ्याच्या आधी पाळीचे तास येतात. आपल्याकडच्या बहुतेक गेटांवर सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा दोनच पाळ्या चालतात. किमान वेतन हे आठ तासांच्या दिवसाचे असते, आणि जादा वेळेचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी असू नये हे जुन्या कायद्यातही होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे आठ तासांचा दिवस धरला, तर वरचे चार तास दुप्पट दराने आठ तासांइतके भरतात आणि बारा तासांच्या पाळीचा पगार दिवसाच्या पगाराच्या दुप्पट होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कोटेशनांत हा हिशेब मांडलेला मी पाहिला नाही. तिथे ‘१२ तास, २६ दिवस’ असे लिहून पुढे एकच ठोक रक्कम असे, आणि तक्ता पाहणारे सगळे शिकलेले लोक, ज्यांच्या स्वतःच्या कंपन्यांत तासांचा हिशेब मिनिटांपर्यंत ठेवला जातो, ते तिथे थांबत नसत.

हिंगोलीकडचे एक मामा आमच्या मागच्या गेटवर होते. वय पन्नाशीच्या पुढचे, दोन एकर कोरडवाहू जमीन, दोन मुलगे, त्यातला एक शिकत असलेला. थेरगावात पाच जणांनी मिळून घेतलेल्या खोलीत ते राहत. दिवसपाळीचे दोघे उठले की रात्रपाळीच्या दोघांना त्याच गाद्या मिळत. काम चोख. संध्याकाळी शाळेच्या बस येत तेव्हा ते खुर्चीत बसलेले कधी दिसायचे नाहीत. रस्त्यावर हात आडवा धरून सगळी मुले आत येईपर्यंत ते उभे असत. एका सकाळी ते नोकरी सोडतो आहे म्हणून सांगायला आले. शेजारच्या सोसायटीत पंधराशे जास्त मिळणार होते. मी म्हणाले, “मामा, पंधराशेसाठी जाताय? मी कमिटीत बोलून बघते.” त्यावर ते म्हणाले, “मॅडम, पंधराशेचं एवढं नाही. तिथं पगार सात तारखेला होतो. इथं कधी अठरा, कधी बावीस. घरी बचत गटाचा हप्ता दहाला असतो. मालकीणबाईला दर महिन्याला गटासमोर मान खाली घालावी लागते.”

मालकीणबाई म्हणजे त्यांची बायको. पुण्यातल्या पगाराला उशीर झाला की हिंगोलीतल्या एका बाईची पत कमी होते, हे कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात दिसत नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हावा हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मग उशीर का होतो म्हणून मी मागे मागे जात राहिले, तेव्हा साखळी अशी निघाली: सभासद मेंटेनन्स महिन्याच्या मध्यापर्यंत भरत राहतात, कंत्राटदाराचे बिल पाच तारखेला येते, मॅनेजर ते तपासतो, सेक्रेटरी फिरतीवर असतात म्हणून दुसरी सही राहते, चेक पंधराला जातो, आणि छोट्या कंत्राटदाराकडे पदरचे पैसे घालून महिनाभराचा पगार आधी वाटण्याएवढे भांडवल नसते. त्यामुळे सोसायटीच्या मंजुरीला जितके दिवस लागतात, तितके दिवस रक्षकाचे कुटुंब उधारीवर चालते. एका सोसायटीच्या हाती किमान वेतनाचा दर बदलणे नाही, पण ही तारीख पूर्णपणे तिच्या हातात आहे. आम्ही एका महिन्याच्या बिलाएवढी रक्कम स्वतंत्र ठेवली, बिल तीस तारखेला मागवायला सुरुवात केली आणि मागच्या महिन्याच्या पीएफचे चलन व ईसीआरची, म्हणजे कोणाच्या नावावर किती पीएफ भरला त्या विवरणाची, प्रत जोडल्याशिवाय बिल घ्यायचे नाही असे ठरवले. हिंगोलीचे मामा तोवर गेले होते.

माणूस गेला म्हणजे काय जाते, हे पाणी बंद झाले की कळते. आमच्या पंपरूममध्ये एक ऑपरेटर बराच काळ होता. महापालिकेचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी अशा तीन वाटांनी येणारे पाणी दोन भूमिगत टाक्यांत घ्यायचे आणि तिथून प्रत्येक विंगच्या गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, यासाठी भिंतीला लागून व्हॉल्व्हची एक ओळच होती. बिल्डरने दिलेल्या नकाशात आणि प्रत्यक्ष पाइपांत फरक होता, कारण मधल्या काळात दोनदा जोडण्या बदलल्या होत्या. हा फरक त्या ऑपरेटरला तोंडपाठ होता. तिसरा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की सी विंगचा दाब पडतो, म्हणून तो पावणेदोन फेरेच फिरवायचा. उन्हाळ्यात टँकर आला की आधी बोअरचा कॉक बंद करायचा, नाहीतर पाणी उलटे जाते. असे बारीकसारीक सगळे त्याच्याकडे होते. एजन्सी बदलली, नव्या एजन्सीने देऊ केलेला पगार जुन्यापेक्षा कमी निघाला आणि तो चाकणच्या एका कारखान्यात गेला. त्यानंतर आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात ए विंगची टाकी रात्रभर वाहू दिली आणि सी विंग कोरडी राहिली. त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते, कारण शिकवणारा निघून गेल्यावर तो आला होता. त्या आठवड्यात मागवलेल्या जादा टँकरांचे पैसे आणि एजन्सी बदलून वाचवलेले पैसे मी शेजारी लिहून कमिटीपुढे ठेवले. बचत टँकरांतच संपली होती.

गेटवरच्या माणसाचेही तसेच आहे. आता मायगेटसारखी ॲप आली आहेत, पाहुण्याची नोंद होते, फोटो निघतो, घरी सूचना जाते. पण चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना हल्ली विसर पडतो, ते एकटे बाहेर निघाले तर बोलण्यात गुंतवून घरी फोन करायचा, ही माहिती ॲपमध्ये नसते. ती गेटवरच्या माणसाला काही महिने राहिल्यावर होते. रोज जिना पुसणाऱ्या मावशींना कोणत्या दाराबाहेर दुधाची पिशवी उशिरापर्यंत पडून आहे ते आधी दिसते. ज्या इमारतीत दर तीन महिन्यांनी चेहरे बदलतात, त्या इमारतीत हे कोणालाच दिसत नाही.

आता कंत्राट बदलण्याच्या रीतीबद्दल. बहुतेक कंत्राटे अकरा महिन्यांची किंवा वर्षाची असतात. कंत्राटदार बदलला की कित्येकदा तीच माणसे राहतात, फक्त निळ्या शर्टाच्या जागी खाकी शर्ट येतो. सभासदांना वाटते, काहीच बिघडले नाही. माणसाच्या बाजूने पाहिले तर त्याची नोकरी त्या दिवशी संपलेली असते आणि नवी सुरू झालेली असते. १९७२ च्या कायद्यापासून ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या रकमेसाठी, साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागत आली आहे. एकाच गेटवर सात वर्षे उभा राहिलेला माणूस चार कंत्राटदारांकडे मिळून सात वर्षे भरतो, आणि एकाकडेही पाच भरत नाहीत. पंधरा दिवसांचा पगार दर वर्षामागे, म्हणजे वार्षिक पगाराच्या सुमारे ४.८ टक्के, एवढीच ती रक्कम आहे. आपल्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का दर वर्षी बाजूला काढायला सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या इमारतीत राबणाऱ्या माणसाच्या सेवेची वर्षे मोजण्याची सोय कुठल्याच रकान्यात नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही, उलट याचे उत्तर देशाला आपणच दाखवले होते. रोज मालक बदलणाऱ्या हमालाला नोकरीचे संरक्षण कसे द्यायचे, या प्रश्नातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद त्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाकडे, मालकाने पैसे मंडळाकडे भरायचे, पगार, पीएफ, बोनस, रजा हे सगळे मंडळातून मिळायचे. मग माल कोणाच्या गोदामात उतरवला याने त्याच्या सेवेत खंड पडत नाही. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या त्या लढ्याचाच धागा पुढे १९८१ च्या खासगी सुरक्षा रक्षकांच्या कायद्यात आला आणि सुरक्षा रक्षक मंडळे झाली. मंडळाचा रक्षक एका आस्थापनेतून दुसरीकडे गेला तरी मंडळाचाच राहतो. पण त्याच कायद्यात एजन्सींच्या रक्षकांना सूट देण्याची तरतूदही आहे, आणि सोसायट्यांच्या गेटांवर आज दिसतात ती मुख्यतः एजन्सींची माणसे. मंडळाचा रक्षक महाग पडतो असे आमच्या सभेत एकाने सांगितले. महाग पडतो, कारण त्याच्या दरात रजा, बोनस आणि भविष्य निर्वाह निधी खरोखर भरलेला असतो.

मॅनेजरची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण तो टेबलामागे बसतो आणि शर्ट इन करतो. पाचशे घरांच्या सोसायटीचा मॅनेजर म्हणजे एका छोट्या गावाचा ग्रामसेवक, पाणीपुरवठा अधिकारी आणि तक्रार निवारण केंद्र. लिफ्टची तपासणी, जनरेटरचे डिझेल, दर जानेवारी आणि जुलैत भरायचे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र (बी प्रपत्र), एसटीपीच्या पाण्याचे अहवाल, भाडेकरूंची पोलीस नोंदणी, थकबाकीदारांची पत्रे, सगळे त्याच्याकडे. त्याला ठरवण्याचा अधिकार मात्र जवळजवळ कशाचाच नाही. पाचशे रुपयांचा नळ बदलायलाही ग्रुपवर मंजुरी लागते, आणि रात्री अकराला त्याच ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचा दिवा का गेला म्हणून त्याला जाब विचारला जातो. आमच्याकडून गेलेल्या एका मॅनेजरने जाताना पगाराची तक्रार केली नाही. तो म्हणाला, चेअरमन सांगतात ते करावे तर सेक्रेटरी रागावतात, आणि दोघांचे ऐकावे तर सभासद म्हणतात आमच्या पैशांवर पगार घेतोस. मला वाटते, पगार वाढवूनही मॅनेजर टिकत नाहीत त्याचे हे खरे कारण आहे: त्याला सूचना देणारा माणूस एकच असावा, हा साधा नियम सोसायट्या पाळत नाहीत.

याच्या मुळाशी आणखी एक भावना आहे, जी कमिटीत बसल्यावर मला फार जवळून दिसली. कमिटीचे सदस्य मानधन घेत नाहीत. स्वतःचे रविवार घालवून, शिव्या खाऊन, फुकट काम करणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या कामाची किंमत ठरवायला बसवले की त्यांच्या मनात नकळत एक तुलना सुरू होते: आम्ही काहीच घेत नाही, मग याला अजून दोन हजार कशाला? ती माणसे वाईट नसतात. पण आपले फुकटचे काम ही आपली निवड आहे आणि गेटवरच्या माणसाचे काम हे त्याचे पोट आहे, हा फरक तिथे पुन्हा पुन्हा बोलून दाखवावा लागतो.

म्हणून मी सभेत हिशेब मांडला. दोनशे सदनिका आणि आठ रक्षक धरू. प्रत्येकाला महिन्याला ३,००० रुपये वाढवून दिले तर २४,००० होतात. पीएफ आणि ईएसआय मिळून सव्वासोळा टक्के लावले की २७,९००. एजन्सीचा सेवा आकार दहा टक्के धरला तर ३०,६९०, आणि जीएसटीसह सुमारे ३६,२१४. दोनशे घरांत वाटले की प्रत्येक घरामागे महिन्याला १८१ रुपये. हे मी फळ्यावर लिहिले तेव्हा सभेत जरा शांतता झाली, कारण ‘तीन हजारांची वाढ’ हे शब्द ऐकून प्रत्येकाने आपल्या खिशातून तीन हजार जाणार असल्यासारखा चेहरा केला होता.

विरोध झाला, आणि त्यातला एक विरोध मला रास्त वाटतो. उपविधींप्रमाणे रक्षक, सफाई, लिफ्ट यांचा सेवा आकार सर्व घरांवर सारखा बसतो. तीन बेडरूमच्या घराला जेवढा, तेवढाच एका बेडरूमच्या घराला. आमच्याकडे पेन्शनवर राहणारी एकटी माणसे आहेत आणि त्यांना १८१ रुपयेही दर महिन्याला मोजावे लागतात. एका निवृत्त शिक्षिकेने उभे राहून हेच सांगितले, आणि पुढे म्हणाल्या की तरीही माझे मत होकाराचे आहे, कारण रात्री छातीत दुखायला लागले तेव्हा रिक्षा आणणारा गेटवरचाच माणूस होता. मासिक वर्गणी माणशी ७,५०० रुपयांच्या वर गेली की जीएसटी लागण्याचा प्रश्न येतो, असेही कोणीतरी विचारले. आमची वर्गणी त्याच्या बरीच खाली होती.

ठराव अर्धा मंजूर झाला. वाढ दीड हजारांची झाली. सात तारखेचा पगार, चलनाची अट, आणि एजन्सी बदलली तरी सहा महिन्यांहून जुनी माणसे त्याच किंवा त्याहून जास्त पगारावर ठेवण्याची अट करारात आली. शिवाय एक गोष्ट कोणी मागितली नव्हती ती मावशींनी मागितली आणि मिळाली: क्लब हाउसच्या मागचे स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडे ठेवणे, जे आधी ‘फक्त सभासदांसाठी’ होते आणि ज्याच्या अभावी त्या दिवसभर पाणी कमी पीत असत. पंपरूममध्ये व्हॉल्व्हना क्रमांकाचे पितळी बिल्ले लावले आणि भिंतीवर खरा नकाशा रंगवून घेतला. सध्याच्या मस्टरवर आठपैकी पाच नावे गेल्या वर्षीचीच आहेत.

आठ तासांच्या पाळीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. दोन पाळ्यांच्या तीन केल्या तर आठ रक्षकांचे बारा होतील. एकाचा पगार १८,००० धरून वाढणाऱ्या चौघांचा वरच्याच पद्धतीने हिशेब केला, तर घरामागे महिन्याला ५४३ रुपये येतात, आणि साप्ताहिक सुट्टीसाठी बदली माणसे घ्यायची म्हटले तर त्याहून जास्त. ही रक्कम लहान नाही आणि ती लहान आहे असे भासवून मला ठराव करून घ्यायचा नाही. प्रस्ताव मी सदस्य म्हणून लेखी दिला आहे. एका वर्षात आधी रात्रीच्या पाळीचे तास कमी करावेत, पुढच्या वर्षी दिवसाचे, असे त्यात दोन टप्पे सुचवले आहेत, आणि सोबत तिन्ही एजन्सींच्या नव्या कोटेशनांचा तक्ता जोडला आहे, ज्यात बेरजेच्या आधी दोन रकाने वाढवले आहेत: रक्षकाच्या हातात पडणारी रक्कम, आणि ती त्याला किती तासांसाठी मिळते.